मुखवट्याआडचा माणूस : बोरिस कार्लॉफ

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनातली गोष्ट. आमच्या एकांकिकेत एक यंत्रमानव होता. एकांकिका मीच लिहिली होती आणि बसवलीही मीच. त्यामुळे डोक्यात थोडी हवा शिरली होती, हे आधीच कबूल करतो. यंत्रमानवाचे डोके म्हणून गोडेतेलाचा रिकामा डबा, छातीला आणि पाठीला खोक्यांचा पुठ्ठा, त्यावर चंदेरी रंग आणि डोळ्यांच्या जागी टॉर्चचे दोन बल्ब. या पोशाखात शिरायला प्रथम वर्षाचा एक मुलगा तयार झाला. त्याला एकही संवाद नव्हता. चालायचे, थांबायचे, हात वर करायचा, एवढेच काम.

रंगीत तालमीच्या दिवशी दिव्यांचा घोळ झाला. आम्ही सगळे तारांच्या आणि स्विचांच्या मागे धावत होतो. अडीच तासांनी यंत्रमानवाचा प्रवेश आला तेव्हा तो जागचा हललाच नाही. मी खालून ओरडलो. पुन्हा ओरडलो. मग तो सावकाश गुडघ्यांवर बसला आणि तसाच आडवा झाला. डबा काढला तेव्हा आतला मुलगा घामाने निथळत होता, चेहरा पांढराफटक पडला होता. मध्यंतरी सगळ्यांचा चहा झाला होता. त्याला कोणी विचारले नव्हते. डबा घातलेल्याला चहा द्यायचा असतो, हे कोणाच्या लक्षातच आले नाही. खरी लाज वाटण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. मला पहिल्यांदा राग आला, तो तालीम मोडली याचा!

आमचे मराठीचे सर हे सारे पाहत होते. ते रागावले नाहीत. 'फ्रँकेन्स्टाइन' नावाचा १९३१ सालचा चित्रपट सुट्टीत पाहा आणि त्यातल्या राक्षसाचे काम करणाऱ्या नटाची माहिती काढ, एवढेच त्यांनी सांगितले. मी चित्रपट पाहिला. मग त्या नटाविषयी मिळेल ते वाचत गेलो. त्याचीच ही हकीकत.

वाचक विचारतील, राक्षसाचा आणि यंत्रमानवाचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. 'रोबो' हा शब्द जगाला दिला कारेल चापेक या चेक नाटककाराने. १९२० साली प्रसिद्ध झालेल्या आणि १९२१ साली रंगभूमीवर आलेल्या त्याच्या 'आर. यू. आर.' या नाटकातले रोबो लोखंडाचे नाहीत. ते कारखान्यात बनवलेल्या कृत्रिम मांसाचे आहेत, दिसायला माणसांसारखे. मेरी शेलीच्या १८१८ सालच्या कादंबरीत फ्रँकेन्स्टाइन नावाचा विद्यार्थी जो जीव घडवतो, त्याचेच हे नातेवाईक. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे कुळाने जमीनदारासाठी राबायची सक्तीची मजुरी. हे मी कन्नड विभागातल्या माझ्या मित्राला सांगितले तेव्हा तो चटकन म्हणाला की ही तर आमची बिट्टी चाकरी. आपल्या मराठीत वेठबिगार. वेठ आणि बिट्टी हे दोन्ही शब्द संस्कृतातल्या 'विष्टि' या एकाच शब्दाचे वंशज आहेत. म्हणजे रोबो या शब्दाचा मूळ अर्थ आपल्याकडे दोन्ही भाषांत केव्हाचा ठाऊक आहे. तो अर्थ मनात ठेवूनच पुढची हकीकत वाचावी.

बोरिस कार्लॉफ हे नाव रशियन वाटते, पण माणूस इंग्रज. खरे नाव विल्यम हेन्री प्रॅट. जन्म २३ नोव्हेंबर १८८७ रोजी लंडनच्या कँबरवेल भागात झाला. वडील एडवर्ड प्रॅट हिंदुस्थानात मिठाच्या महसूल खात्यात नोकरीला होते. आईकडून तर त्याचे नाते थेट आपल्या मुलखाशी पोचते. सयामच्या राजवाड्यात १८६२ ते १८६७ या काळात राजाच्या मुलांना शिकवणारी ॲना लिओनोवेन्स ही कार्लॉफच्या आईची सख्खी मावशी. या ॲनाचा जन्म १८३१ साली अहमदनगरच्या छावणीत, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, एका सार्जंटच्या घरी झाला. आपण वेल्समध्ये जन्मलो असे ती आयुष्यभर सांगत राहिली. हिंदुस्थानातला जन्म आणि मिश्र रक्त त्या काळच्या इंग्रज समाजात लपवावे लागे. कार्लॉफचा सावळा वर्ण याच घराण्यातून आला असावा. या वर्णामुळे मूकपटांच्या काळात त्याच्या वाट्याला अरब, मेक्सिकन आणि हिंदुस्थानी माणसांचीच कामे आली.

नऊ भावंडांत तो सर्वांत धाकटा. आईवडील लवकर वारले आणि थोरल्या भावंडांनी त्याला एन्फील्ड गावी वाढवले. लहानपणी तो तोतरे बोलत असे. तोतरेपणावर त्याने मात केली, पण बोलण्यातला बोबडेपणा शेवटपर्यंत राहिला. शिवाय पाय किंचित फेंगडे. भाऊ मोठमोठ्या सरकारी हुद्द्यांवर चढत होते. त्यांतले जॉन प्रॅट पुढे चीनच्या कामात नाव कमावून 'सर' झाले. धाकट्यानेही वकिलातीच्या नोकरीत जावे म्हणून त्याला लंडनच्या किंग्ज कॉलेजात घातले. याचे लक्ष मात्र नाटकात! आपल्यापैकी पुष्कळांना ही परिस्थिती ओळखीची वाटेल. १९०९ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, शिक्षण अर्धवट टाकून तो कॅनडाला निघून गेला.

तिथे नाटक कुठले मिळायला? शेतावर मजुरी, खड्डे खणणे, कोळसा ओढणे ही कामे त्याने केली. १९११च्या सुमारास एका फिरत्या नाटक मंडळीत त्याला जागा मिळाली आणि त्याने बोरिस कार्लॉफ हे नाव घेतले. कायद्याने मात्र त्याने नाव कधीच बदलले नाही. कागदोपत्री तो जन्मभर विल्यम प्रॅटच राहिला. पुढची काही वर्षे गावोगाव फिरण्यात गेली. १९१२ साली रजायना शहरात मोठे चक्रीवादळ झाले तेव्हा ही मंडळी तिथे अडकली आणि नटांनी पडक्या घरांचा राडारोडा उपसून पोट भरले.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तो हॉलिवुडला पोचला. गर्दीत उभे राहायचे, एखाद्या दृश्यात मार खायचा आणि काम नसेल तेव्हा बांधकामाच्या मालाचा ट्रक चालवायचा, असे त्याचे दिवस होते. जड पोती उचलून उचलून त्याची पाठ तेव्हाच दुखावली. अशी दहा-बारा वर्षे गेली. चित्रपटांची संख्या ऐंशीच्या आसपास भरली, पण प्रेक्षकांना नाव ठाऊक नव्हते. तुरुंगावरच्या 'द क्रिमिनल कोड' या नाटकात आणि १९३१ साली त्यावरून निघालेल्या चित्रपटात त्याचे काम थोडे गाजले, इतकेच.

त्याच वर्षी युनिव्हर्सल कंपनी 'फ्रँकेन्स्टाइन' काढत होती. 'ड्रॅक्युला'मुळे गाजलेल्या बेला लुगोसीचे नाव राक्षसासाठी आधी पुढे होते, पण ते जमले नाही. दिग्दर्शक जेम्स व्हेल याने कंपनीच्या उपाहारगृहात जेवत बसलेल्या कार्लॉफला पाहिले. त्याच्या डोक्याची आणि चेहऱ्याची ठेवण व्हेलच्या मनात भरली. कार्लॉफ तेव्हा चव्वेचाळिशीला आला होता.

आता त्या रंगभूषेविषयी सांगायला हवे, कारण सगळी मेख तिथेच आहे. जॅक पियर्स हा कंपनीचा रंगभूषाकार. मेंदू बसवायचा तर शल्यविशारद कवटी वरून कापून झाकणासारखी उघडेल आणि पुन्हा बंद करील, असा त्याने विचार केला. त्यातून ते सपाट डोके आले. कापूस आणि कोलोडियन यांचे थरावर थर देऊन तो कपाळ उभे करी. चेहऱ्याला हिरवट राखी रंग लावी. कृष्णधवल फिल्मवर तो प्रेतासारखा फिका दिसे. कार्लॉफनेही आपली भर घातली. डोळे फार जागे दिसतात असे त्याला वाटले, म्हणून पियर्सने पापण्यांवर मेण चढवून त्या जड केल्या. तोंडातली दातांची कवळी काढून कार्लॉफने एक गाल आत ओढला. हे सगळे चढवायला रोज सुमारे ४ तास लागत आणि उतरवायला दीड-दोन तास. अंगात जाड रजईसारखे अस्तर, त्यावर आखूड बाह्यांचा कोट, पायांत प्रत्येकी सुमारे ६ किलोंचे बूट. चित्रीकरण सुरू झाले ऑगस्टमध्ये, कॅलिफोर्नियाच्या ऐन उन्हाळ्यात, पेटलेल्या दिव्यांखाली.

रूप गुप्त राहावे म्हणून त्याला चेहऱ्यावर कापड टाकून स्टुडिओतून नेत. जेवायचेही एकट्यानेच. एकदा तर काम सलग २५ तास चालले. शेवटच्या प्रसंगात राक्षस आपल्या निर्मात्याला उचलून टेकडीवरच्या पवनचक्कीकडे नेतो. तो प्रसंग पुन्हापुन्हा घेतला गेला आणि आधीच दुखावलेली पाठ कायमची गेली. त्या पाठीवर पुढे शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. चित्रपटाच्या सुरुवातीच्या नामावलीत राक्षसाच्या नावापुढे नटाचे नाव नाही, नुसते प्रश्नचिन्ह आहे! चित्रपटाच्या पहिल्या खेळाचे निमंत्रणही त्याला नव्हते, असे सांगतात.

मी चित्रपट पाहायला बसलो तेव्हा हसण्याच्या तयारीनेच बसलो होतो. इतका जुना चित्रपट, त्यात काय भिववणार! भीती वाटली नाही हे खरे, पण हसूही आले नाही. अंधाऱ्या खोलीत ठेवलेल्या त्या जीवाला पहिल्यांदा छतातून उजेड दिसतो. तो मान वर करतो आणि उजेड पकडायला दोन्ही हात उचलतो. मग झडप बंद होते आणि हात तसेच रिकामे राहतात. त्याच्या तोंडी एक शब्द नाही. चेहरा कापसाच्या आणि मेणाच्या थरांखाली गाडलेला. राहिले काय? डोळे, हात आणि चाल. तेवढ्यावर या माणसाने एक अख्खे अनाथ मूल उभे केले आहे. हा राक्षस तान्हा आहे, हे कार्लॉफने ओळखले होते.

तळ्याकाठचा प्रसंग तर विसरता येत नाही. एक लहान मुलगी त्याला घाबरत नाही, त्याच्या हातात फुले देते. दोघे पाण्यावर फुले सोडतात. फुले तरंगतात म्हणून तो हसतो. फुले संपल्यावर भाबडेपणाने मुलीलाच पाण्यात टाकतो आणि ती बुडते. मुलीला असे फेकणे कार्लॉफला पसंत नव्हते, पण त्याचे चालले नाही. सेन्सॉरने मुलीला टाकण्याचा तेवढाच भाग कापला. परिणाम उलटाच झाला. राक्षस हात पुढे करतो आणि दृश्य तुटते, त्यामुळे प्रेक्षक त्याहून वाईट काहीतरी कल्पू लागले. कापलेला तुकडा १९८०च्या दशकात पुन्हा जोडण्यात आला. राक्षसाला त्याच्या निर्मात्याने टाकून दिले, हे लहान मुलांना मात्र बरोबर कळले होते. त्यांची पत्रे कार्लॉफला येत, ती राक्षसाविषयी कणव दाखवणारी असत.

चित्रपट तुफान चालला. १९३२ साली 'द ममी' आला. त्यासाठी तर रंगभूषेला सुमारे ८ तास बसावे लागले. त्याचा दिग्दर्शक कार्ल फ्रॉइंड हा पूर्वी जर्मनीत छायालेखक होता. १९२७ सालच्या 'मेट्रोपोलिस'मधली ती प्रसिद्ध यंत्रस्त्री त्याच्या कॅमेऱ्याने टिपलेली आहे. त्या कडक पोशाखात ब्रिगिटे हेल्म ही कोवळी नटी अशीच घुसमटली होती. पोशाखातल्या माणसाचे हाल सगळीकडे सारखेच!

पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती यानंतरची गोष्ट. १९३३च्या मार्चमध्ये मंदीचे कारण सांगून स्टुडिओवाल्यांनी पगार निम्म्यावर आणले. कामाच्या तासांना तर धरबंधच नव्हता. तेव्हा काही नट गुपचूप एकत्र जमू लागले. त्या वर्षी 'स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड' ही चित्रपट नटांची संघटना स्थापन झाली आणि कार्लॉफ तिच्या अगदी पहिल्या सभासदांतला एक होता. यात क्रिकेटचाही धागा आहे. हॉलिवुडमध्ये इंग्रज नटांचा एक क्रिकेट क्लब होता. इंग्लंडचा माजी कसोटी कर्णधार आणि नट सी. ऑब्री स्मिथ त्याचा प्राण. कार्लॉफ त्या क्लबात रमत असे आणि क्लबातले इतरही काही नट संघटनेच्या पहिल्या सभासदांत होते. युनियनमध्ये गेलेल्याचे काम जाण्याची भीती त्या वेळी खरी होती. कार्लॉफला तर बावीस-तेवीस वर्षांच्या हालअपेष्टांनंतर नुकतेच यश मिळाले होते. गप्प बसणे त्याला सहज शक्य होते. तो बसला नाही. पुढे अनेक वर्षे तो संघटनेच्या कार्यकारी मंडळावर राबला. १९३७ साली निर्मात्यांनी संघटनेला मान्यता देऊन करार केला. पडद्यावर ज्याला वाचा नव्हती तो नट पडद्याबाहेर आपल्या बांधवांसाठी बोलला!

१९३३ सालीच एका चित्रपटासाठी तो इंग्लंडला गेला. इतक्या वर्षांत भावांशी त्याचा संबंध जवळजवळ तुटलेला होता. आपण घराण्याला बट्टा लावला, ही बोच मनात होती. वृत्तपत्रांसाठी भावांबरोबर छायाचित्र घ्यायचे ठरले तेव्हा तो बिचकत होता. हुद्देदार भाऊ मात्र हौसेने शेजारी उभे राहिले. चित्रात कोणी कुठे उभे राहायचे यावरून त्यांच्यातच चुरस लागली. नाटकासाठी घर सोडलेल्या माणसाला याहून मोठे पदक कोणते?

राक्षसाचे काम त्याने आणखी दोनदा केले. १९३५ सालच्या 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन'मध्ये राक्षस चार शब्द बोलायला शिकतो. एक आंधळा म्हातारा त्याला भाकरी आणि मित्र या अर्थाचे शब्द शिकवतो. राक्षसाला बोलायला लावणे ही चूक आहे, असे कार्लॉफचे मत होते. मला नम्रपणे वाटते की त्याचे मत इथे चुकले, कारण तो प्रसंग पाहताना माझा घसा दाटून आला. १९३९ सालच्या 'सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन'मध्ये मात्र राक्षस इतरांच्या हातचे खेळणे झाला. या भूमिकेत आता करण्यासारखे उरले नाही हे ओळखून त्याने ती कायमची सोडली. याच चित्रपटाच्या चित्रीकरणाच्या काळात, १९३८ साली, त्याच्या स्वतःच्या वाढदिवशीच त्याला मुलगी झाली.

पुढची तीस वर्षे तो काम करीतच राहिला. ज्याला प्रयोगशाळेत घडवले होते तोच पुढे कितीतरी चित्रपटांत घडवणारा शास्त्रज्ञ झाला. १९४१ साली ब्रॉडवेवर 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस' हे नाटक आले. त्यातल्या खुनी माणसाला तू बोरिस कार्लॉफसारखा दिसतोस असे कोणी म्हटले की तो पिसाळतो, आणि ते काम खुद्द कार्लॉफच करी! नाटकाचे एकूण १४४४ प्रयोग झाले. १९५० साली 'पीटर पॅन'मध्ये तो कॅप्टन हुक झाला. मुलांसाठी त्याने गोष्टींच्या तबकड्या भरल्या. १९६६ साली दूरदर्शनवर आलेल्या 'ग्रिंच'च्या गोष्टीला त्याचाच आवाज आहे. ज्या बोलण्याची लहानपणी चेष्टा झाली त्या बोलण्यावर आता मुले लुब्ध होती.

शेवटची वर्षे कठीण गेली. फुफ्फुसे निकामी होत होती, पायांना आधाराच्या पट्ट्या होत्या, चाकाची खुर्ची आणि प्राणवायूचे नळकांडे जवळ असे. तरीही १९६८ साली 'टार्गेट्स' या चित्रपटात त्याने एका थकलेल्या भयपट-नटाचे काम केले. ते जणू त्याचे स्वतःचेच चित्र होते. कॅमेरा सुरू झाला की तो उठून उभा राही. २ फेब्रुवारी १९६९ रोजी, वयाच्या ८१व्या वर्षी, इंग्लंडमध्ये मिडहर्स्ट येथे त्याचा मृत्यू झाला. १९९७ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने चित्रपटांतल्या प्रसिद्ध राक्षसांची तिकिटे काढली. त्यांतल्या दोन तिकिटांवर त्याचाच चेहरा आहे, आणि दोन्हींवर तो रंगभूषेखाली झाकलेला!

त्याच्या भूमिकेने मला कणव शिकवली, हे खरे. पण माझ्या मनात घर करून राहिली ती त्याची युनियन. २५ तास पोशाखात राबलेल्या माणसाला नावलौकिक मिळाल्यावर ते तास विसरणे सोपे होते. त्याने ते विसरले नाहीत, आणि आपल्यामागून येणाऱ्यांना तसे राबावे लागू नये म्हणून तो झटला. मी मात्र दहा पावलांवर उभ्या असलेल्या एका मुलाला अडीच तास विसरलो होतो. मी लिहिलेल्या एकांकिकेचा विषयच मुळी हा होता, की यंत्रालाही मन असू शकते!

सुट्टी संपल्यावर मी त्या मुलाला भेटलो. माफी मागायला शब्द जुळेनात. त्यानेच विषय बदलला आणि यंदाची एकांकिका कोणती ते विचारले. यंदा पोशाखातल्या नटाला दर अर्ध्या तासाने मोकळे करायचे असा नियम आम्ही तालमीच्या फळ्यावर लिहिला. दिव्यांचे काम त्या मुलाकडे दिले आणि डबा मी स्वतः घातला.

आत फार उकडते. दोन भोकांतून समोरचे तेवढे दिसते आणि स्वतःचा श्वास मोठ्याने ऐकू येतो. पहिल्याच तालमीत, अजून अर्धा तास व्हायचा होता तोच, कोणीतरी माझ्या डोक्यावरचा डबा अलगद उचलला. समोर तोच उभा होता, हातात पाण्याचा तांब्या घेऊन.